लवकरची स्ट्रॉबेरी लावताय? मग सगळं लक्ष पहिल्या फुलावर ठेवा

लवकर येणारी जात लावायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कुठली जात घेऊ? प्रश्न बरोबरच आहे, पण जात ठरली म्हणजे माल लवकर आला असं होत नाही. एकाच जातीची रोपं दोन रानांत लावली आणि एका रानात तोडा दोन आठवडे आधी सुरू झाला, दुसऱ्यात सगळ्यांबरोबरच आला, हे स्ट्रॉबेरीत नेहमी बघायला मिळतं. जात लवकर येण्याची ताकद देते, ती ताकद पेटीत माल म्हणून उतरायची की नाही हे रोपाच्या जाडीवर, लागवडीच्या तारखेवर, खताच्या हातावर आणि सगळ्यात जास्त म्हणजे पहिलं फूल वाचलं की नाही यावर ठरतं. म्हणून मी हा सगळा लेख त्या पहिल्या फुलाभोवती लिहितोय, जमीन असो की पाणी असो, प्रत्येक ठिकाणी स्वतःला हेच विचारत जायचं की यानं माझं पहिलं फूल वाचतंय का जातंय.

आधी हे फूल नीट समजून घ्या

स्ट्रॉबेरीच्या फुलोऱ्यात सगळी फुलं सारखी नसतात. एका दांड्यावर आधी एकच फूल उमलतं, सगळ्यात मोठं. त्याच्या खालच्या फांद्यांवर मग दोन येतात, त्यानंतर चार, मग आठ. पहिल्या फुलात मधल्या उंचवट्यावर स्त्रीकेसर सगळ्यात जास्त असतात, तीनशे-चारशेच्या घरात, दुसऱ्या फेरीत त्याहून कमी आणि तिसऱ्या फेरीत अजून कमी. प्रत्येक स्त्रीकेसराचं पुढे फळावर दिसणारं एक बी होतं, आणि ते बी फलित झालं तरच त्यातून जे संप्रेरक सुटतं त्यानं आजूबाजूचा गर फुगतो. म्हणजे फळ किती मोठं होणार याची वरची मर्यादा फूल उमलायच्या दिवशीच ठरलेली असते, नंतर कितीही विद्राव्य खत सोडलं तरी चौथ्या फेरीच्या फुलाचं पहिल्या फेरीसारखं फळ होत नाही.

आता याचा लवकरच्या जातीशी संबंध बघा. हंगामाच्या सुरुवातीला बाजारात माल कमी असतो आणि त्या वेळी तुमच्याकडे जी फळं असतात ती हीच, पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची. तीच सगळ्यात मोठी, तीच पहिल्या ग्रेडची. आणि नेमकी हीच फुलं हवा सगळ्यात वाईट असते तेव्हा उमलतात, थंडी असते, मधमाशी कमी फिरते, पहाटे दव नाहीतर हिमकण पडलेले असतात. उशिराच्या जातीत पहिलं फूल गेलं तर नुकसान होतंच, पण लवकरच्या जातीत पहिलं फूल गेलं तर ती जात घ्यायचं कारणच गेलं.

जात निवडताना

लवकरच्या जातींचे मुळात दोन वेगळे गट आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, इथे खूप गोंधळ होतो.

पहिला गट कडक हिवाळ्याच्या भागांचा. तिथे रोप हिवाळाभर झोपतं आणि वसंतात एकदाच फुलतं. या गटातली जुनी आणि अजूनही टिकून असलेली जात म्हणजे अर्लीग्लो, अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९७५ मध्ये दिलेली. चव अप्रतिम, मुळांच्या रेड स्टील रोगाला चांगला प्रतिकार, व्हर्टिसिलियम मर रोगालाही बऱ्यापैकी तग धरते. उणी बाजू अशी की पहिल्या फेरीनंतर फळाचा साईज झपाट्यानं उतरतो आणि एकूण उत्पादन मध्यमच. दुसरी हनीऑय, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रातून १९७९ मध्ये आलेली, कॉर्नेल विद्यापीठाची. उत्पादन दणदणीत, फळ मोठं आणि टणक, रंग गडद, पण रेड स्टीलला प्रतिकार नाही, त्यामुळे पाणी साचणाऱ्या रानात ही लावूच नये, आणि फळ जास्त पिकलं किंवा जमीन भारी असली तर चवीत आंबटपणा नाहीतर एक उग्रपणा येतो अशी तक्रार असते. बघा, दोन्ही लवकरच्याच, पण एक चवीवर आणि रोगाच्या ताकदीवर चालते आणि दुसरी वजनावर. तुमचं गिऱ्हाईक कोण आहे त्यावर निवड.

दुसरा गट सौम्य हिवाळ्याच्या भागांचा, जिथे शरद ऋतूत लागवड करून हिवाळाभर फळ घेतात आणि दरवर्षी नवीन रोप लावतात. यात फ्लोरिडा विद्यापीठाच्या जातींचं वजन मोठं आहे. स्वीट चार्ली १९९२ ची, थंडीची गरज कमी, खूप लवकर येते, गोड, फळावरच्या अँथ्रॅक्नोज या बुरशीच्या रोगाला चांगला प्रतिकार. पण फळ मऊ आहे, लांबच्या वाहतुकीला मार खातं. विंटर डॉन त्याच विद्यापीठाची. फ्लोरिडा रेडियन्स २००८ ची, काही देशांत ती फ्लोरिडा फॉर्च्युना नावानं विकतात, फळ देखणं आणि मोठं पण फायटोफ्थोरा या क्राऊन (मुळांच्या वरचं रोपाचं आखूड, जाड खोड) कुजवणाऱ्या रोगाला ही जात नाजूक आहे, निचरा नसेल तर झाडं बसतात. त्यानंतर फ्लोरिडा ब्रिलियन्स आली, तिचा लवकरचा माल आणि टिकाऊपणा दोन्ही चांगले असल्यामुळे तिचं क्षेत्र पटकन वाढलं.

पहिल्या गटातली जात सौम्य हिवाळ्यात लावली तर थंडी पुरत नाही, रोप नुसतं बसून राहतं. उलट दुसऱ्या गटातली जात कडक हिवाळ्यात उघडी ठेवली तर क्राऊन गोठतो. त्यामुळे कॅटलॉगमध्ये "अर्ली" लिहिलंय एवढ्यावर ऑर्डर देऊ नका, कुठल्या अक्षांशावर आणि कुठल्या पद्धतीत लवकर, हे विचारा. आणि रोपवाटिकेला अजून तीन गोष्टी विचारायच्याच: पहिल्या महिन्यातलं उत्पादन एकूण उत्पादनाच्या किती टक्के आहे, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत साईज किती टिकतो, आणि कुठल्या रोगाला जात नाजूक आहे. तिसऱ्या प्रश्नाला "कशालाच नाही" असं उत्तर आलं तर तिथून रोप घेऊ नका, अशी जात अस्तित्वातच नाही.

अजून एक, सगळं रान लवकरच्या एकाच जातीखाली टाकू नये हे माझं ठाम मत आहे. लवकरच्या जातींचं एकूण उत्पादन बहुतेक वेळा मधल्या हंगामाच्या जातींपेक्षा कमी भरतं आणि एकाच वाईट आठवड्यात सगळा बहर सापडू शकतो. पाव ते एक तृतीयांश क्षेत्र लवकरचं, बाकी मधल्या हंगामाचं, म्हणजे तोडणीची माणसंही बांधून ठेवता येतात. आणि नवीन जातींवर बहुतेक वेळा पेटंट किंवा वाण हक्क असतात, रनर (रोपाला फुटणारे, जमिनीवर पसरून नवीन रोप धरणारे धुमारे) काढून स्वतः रोपं करायच्या आधी परवाना लागतो का ते बघून घ्या.

रोप आलं की आधी क्राऊन बघा

इथे घाई करू नका. फुलाची कळी रोपाच्या क्राऊनच्या आत लागवडीच्या आधीपासून किंवा लागवडीनंतर लगेच तयार व्हायला लागते. वरच्या दोन्ही गटांतल्या जाती लहान दिवसाच्या आहेत, दिवस साधारण १४ तासांपेक्षा छोटा झाला की कळी धरतात, आणि हवा १५ अंशांच्या खाली असेल तर दिवस मोठा असूनही धरतात. उन्हाळा लांबला, रोपवाटिकेत रात्री गरम राहिल्या तर कळी मागे पडते. म्हणून थंड, उंच भागात वाढलेली रोपं मैदानात आणून लावायची पद्धत जगभर आहे.

क्राऊनची जाडी ८ ते १० मिलिमीटर तरी हवी, जाड असेल तर अजून चांगलं. बारीक पेन्सिलीपेक्षा बारीक क्राऊन असलेली रोपं वेगळी काढा, ती लवकर येणार नाहीत, ती मागच्या बेडवर नांग्या भरायला ठेवा. गठ्ठ्यातली चार-पाच रोपं घ्या आणि धारदार ब्लेडनं क्राऊन उभा चिरून बघा. आतला गाभा पांढरा, थोडा हिरवट-पिवळसर आणि रसरशीत असेल तर रोप तंदुरुस्त आहे. गाभ्यात लालसर-तपकिरी, दगडाच्या शिरेसारख्या रेषा किंवा डाग दिसले तर क्राऊन कुजीची शंका घ्या, मऊ आणि सगळाच तपकिरी असेल तर ते रोप थंडीनं किंवा साठवणीत गेलेलं आहे. मुळंही चिरून बघा, निरोगी मूळ आतून पांढरं असतं, मधली शीर लाल दिसली तर तो रेड स्टील, तो गठ्ठा रानात नेऊ नका, कारण ही बुरशी एकदा मातीत शिरली की कितीतरी वर्षं निघत नाही.

रोपांचे प्रकार तीन-चार. उघड्या मुळांची ताजी रोपं स्वस्त पडतात पण बसायला वेळ घेतात. ट्रेमधली प्लग रोपं महाग, पण मुळाचा गोळा न हलता रानात जातो त्यामुळे लवकर जोर धरतात, आणि लवकरच्या मालासाठी मी प्लगच्या बाजूनं आहे, जास्तीचा खर्च पहिल्या तोड्यांत वसूल व्हायची शक्यता यातच जास्त. थंड गोदामात उणे दीड-दोन अंशाला साठवलेली फ्रिगो रोपं वेगळ्या गणिताची आहेत, त्यांच्यात कळी आधीच तयार असते, लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फळ मिळतं, त्यामुळे तारीख मागे मोजून लावता येते.

जमीन आणि बेड

पीएच ५.५ ते ६.५, निचरा उत्तम, सेंद्रिय पदार्थ भरपूर. स्ट्रॉबेरी क्षाराला फार नाजूक पीक आहे, मातीच्या संपृक्त अर्काची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती आहेत त्याचं माप) १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन उतरायला लागतं, आणि पाण्याची ईसी ०.७ च्या आत असेल तर निश्चिंत राहा. म्हणून पोटॅशसाठी म्युरेट नको, सल्फेट वापरा, क्लोराईड या पिकाला चालत नाही. माती आणि पाणी दोन्हीचा रिपोर्ट लागवडीच्या दोन-तीन महिने आधी हातात पाहिजे, कारण चुना किंवा गंधक टाकून पीएच बदलायला वेळ लागतो.

मागचं पीक टोमॅटो, बटाटा, वांगं किंवा मिरची असेल तर ते रान टाळा, व्हर्टिसिलियमची बुरशी या सगळ्यांवर राहते. दुसरं रान नसेलच तर कडक उन्हाळ्यात ओल्या मातीवर पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे ताणून सौरनिर्जंतुकीकरण करा. कच्चं शेणखत अजिबात नको, पूर्ण कुजलेलंच, आणि तेही आधी टाकून मातीत मिसळलेलं.

बेड २० ते ३० सेंटिमीटर उंच, वरून ६० ते ७५ सेंटिमीटर रुंद, मधे किंचित फुगीर म्हणजे पावसाचं पाणी मल्चिंग पेपरवर (बेडवर अंथरायच्या प्लास्टिकवर) थांबणार नाही. बेडच्या मध्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर, बेडवर दोन ओळी, ओळींत ३० सेंटिमीटर आणि रोपांत ३० सेंटिमीटर धरलं तर हेक्टरी सुमारे ४४ हजार रोपं बसतात, एकरी अठरा हजारांच्या आसपास. लवकरच्या जातीला थोडी दाट लागवड चालते कारण झाड सुरुवातीला छोटं असतं आणि सुरुवातीचा माल झाडांच्या संख्येवर मिळतो, पण २५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका, नंतर पानांत हवा खेळत नाही आणि बुरशी सुरू होते.

मल्चिंग पेपरचा रंग हा लवकरपणाचा भाग आहे. काळा पेपर माती गरम ठेवतो, थंड भागात मुळं लवकर चालू होतात. लागवडीच्या वेळी ऊन कडक असेल तर मात्र काळ्या पेपरच्या भोकात रोपाची मान भाजते, तिथे वरून पांढरा आणि खालून काळा असा दुहेरी पेपर घ्या. पेपर मातीला घट्ट चिकटून ताणलेला पाहिजे, सैल राहिला की फडफडून रोपं कापतो आणि माती गरम करायचा फायदाही जातो. ड्रिपची लॅटरल पेपरच्या आत, ड्रिपरमधलं अंतर २० ते ३० सेंटिमीटर.

लागवड

तारखेचा मोह आवरा. लवकर माल हवा म्हणून लागवड अजून पंधरा दिवस आधी ओढावी असं प्रत्येकाला वाटतं, पण गरम हवेत आणि मोठ्या दिवसांत लावलेलं रोप फुलाऐवजी रनर सोडतं, पानं वाढवतं, आणि फूल उलट मागे जातं. दिवसाचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास उतरायला लागलं आणि रात्री थंड झाल्या की लावा. त्याच्या उलट, फार उशीर झाला तर क्राऊन फुटायला, म्हणजे बाजूचे क्राऊन तयार व्हायला, दिवस मिळत नाहीत आणि एका रोपावर दोन-तीन फुलोऱ्यांऐवजी एकच येतो. तुमच्या भागात ही खिडकी दहा-पंधरा दिवसांचीच असते, त्या दिवसांत माणसं, पाणी, रोपं सगळं तयार पाहिजे.

खोली हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. क्राऊनचा मधला भाग मातीच्या पातळीला यायला हवा. वरची कोवळी शेंडी मातीत गेली की कुजते, आणि मुळांचा वरचा भाग बाहेर राहिला की सुकतो. उघड्या मुळांचं रोप लावताना मुळं खाली सरळ जायला हवीत, हुकासारखी वर वळली तर रोप आठवडाभर हिरवं दिसतं आणि मग थांबतं. लांब मुळं असतील तर १०-१२ सेंटिमीटरवर कापून घ्या, वळवून कोंबू नका. लावून झाल्यावर बोटांनी बाजूची माती दाबा आणि पान धरून हलकं ओढून बघा, रोप उपसून आलं तर हवा राहिलीये.

उघड्या मुळांच्या रोपांना पहिले ७ ते १० दिवस दिवसा वरून तुषार लागतात, दुपारी पान कोमेजू द्यायचं नाही. प्लगला दोन-तीन दिवस पुरतात. वरून पाणी जेवढ्या लवकर बंद करता येईल तेवढं बरं, अँथ्रॅक्नोज पाण्याच्या थेंबांबरोबर उडतो. आठवड्याभरानं फेरी मारून मेलेल्या जागी नांग्या भरा, तीन आठवड्यांनंतर भरलेलं रोप लवकरच्या मालात येत नाही.

पहिले सहा आठवडे

हे आठवडे शांत दिसतात पण पहिल्या बहराचं भांडवल आत्ताच जमतं. रनर दिसला की काढा, दर आठवड्याला, कोवळा असताना हातानं मोडतो, जून झाला की कात्री लागते आणि जखम मोठी होते.

पहिली फुलं काढायची का, यावर नेहमी वाद होतो. कडक हिवाळ्याच्या भागात वसंतात लावून पुढच्या वर्षी फळ घ्यायचं असेल तर पहिल्या वर्षीची सगळी फुलं काढायची, यात वाद नाही. दरवर्षी नवीन लागवड करता तिथे माझा हिशोब असा: रोपाला चार-पाच पूर्ण निरोगी पानं नसताना फूल आलं तर ते खुडा, कारण त्या फळाला अन्न पुरवताना रोप खुंटतं आणि पुढचे फुलोरे बारीक येतात. पानं भरलेली असतील तर फूल ठेवा, त्यासाठीच तर ही जात लावली. सगळ्या रानाला एकच नियम लावू नका, ओळीनं बघत जा.

नत्राचा हात आवरता ठेवा. लागवडीच्या वेळी थोडं, आणि रोप चालू झालं की ड्रिपमधून रोज हेक्टरी ०.५ ते १ किलो नत्र या हिशोबानं, सुरुवातीला खालच्या टोकाला. जास्त नत्रानं झाड डोळ्याला सुंदर दिसतं, पण फूल पानांत लपतं, फळ मऊ होतं आणि करडी बुरशी मागे लागते. फुलोरा दिसायला लागला की पोटॅशचं प्रमाण वाढवा, कॅल्शियम नियमित द्या, कोवळ्या पानांची टोकं करपली की समजा कॅल्शियम पोचत नाहीये, ते बहुतेक वेळा खताच्या कमतरतेपेक्षा पाण्याच्या अनियमितपणामुळे असतं. बोरॉन परागीकरणाला लागतं पण त्याची गरज आणि विषबाधा यांच्यात अंतर फार कमी आहे, पानांचा रिपोर्ट बघूनच द्या.

पाणी थोडं आणि वारंवार. बहुतेक मुळं वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये असतात, त्याच्या खाली गेलेलं पाणी आणि खत दोन्ही वाया. बेडमध्ये हात घालून माती मुठीत दाबा, वाफसा राहिला पाहिजे, चिखल नाही. थंड दिवसांत पाणी कमी करायचं विसरू नका, थंड आणि ओली माती म्हणजे फायटोफ्थोराला आमंत्रण.

फूल उमललं, आता राखण

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. थंडीनं फूल कधी मरतं याचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. घट्ट बंद कळी उणे ५ अंशांपर्यंत तग धरते, पाकळी फुटायच्या बेतात असलेली कळी उणे ३ पर्यंत, पण पूर्ण उमललेलं फूल उणे १ लाच जातं. छोटं हिरवं फळ उणे २ पर्यंत. म्हणजे नेमकं पहिलं उमललेलं फूल सगळ्यात नाजूक. हे तापमान फुलापाशी मोजलेलं हवं, थर्मामीटर बेडवर पानांच्या उंचीला ठेवा, कारण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा छातीच्या उंचीवरच्या हवेपेक्षा बरीच थंड असते.

हिम पडून गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी फुलं उघडून बघा. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र असतात, लांबून काहीच झालेलं दिसत नाही, पण मधला पिवळा उंचवटा काळा पडलेला असेल तर ते फूल मेलं, त्याचं फळ होणार नाही. अर्धाच भाग काळा असेल तर फळ होईल पण एका बाजूनं वाकडं.

बचावाचे दोन मार्ग. एक, क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर पांघरायचं हलकं कापड. वजनाप्रमाणे एक ते तीन अंशांचा बचाव मिळतो, जाड कव्हर जास्त राखतं पण उजेड अडवतं. दुपार ढळताना, जमिनीत ऊब असतानाच घाला, रात्री दहाला घालून उपयोग कमी. कव्हरच्या कडा मातीनं किंवा पिशव्यांनी दाबा. थंड भागात हेच कव्हर आधीपासून वापरलं तर फुलोरा आठवडाभर तरी पुढे येतो, पण लक्षात ठेवा, पुढे आणलेलं फूल जास्त हिमाच्या रात्रींना सामोरं जातं, त्यामुळे कव्हर घालून बहर पुढे आणला तर नंतर राखणही तेवढीच करावी लागते.

दुसरा मार्ग तुषार. पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून सतत गोठत राहिलेल्या बर्फाच्या थराखाली फूल शून्याच्या आसपास राहतं. ताशी अडीच ते चार मिलिमीटर पाणी लागतं आणि ते थांबता कामा नये. मधेच पंप बंद पडला किंवा वारा सुटला तर उलटं होतं, बाष्पीभवनानं फूल हवेपेक्षाही थंड होतं आणि काहीच न केलेल्या रानापेक्षा जास्त नुकसान होतं. हवा कोरडी असेल तर तापमान एक अंशावर उतरायची वाट न बघता आधीच चालू करा. सूर्य वर आला, बर्फ सुटून गळायला लागला की मगच बंद. जनरेटर आणि दुसरा पंप नसेल तर तुषारच्या नादाला लागू नका, कव्हरवरच राहा.

परागीकरणाकडे बघायला बरेच जण विसरतात, कव्हर दिवसभर तसंच ठेवतात. फूल उमललं की सकाळी ऊन आल्यावर कव्हर उघडा. मधमाशी साधारण १२-१३ अंशांच्या खाली फारशी बाहेर पडत नाही, भुंगमाशी त्यापेक्षा थंडीत आणि ढगाळ हवेतही काम करते, म्हणून प्लास्टिकच्या टनेलमध्ये भुंगमाशीच्या पेट्या ठेवतात. पहिल्या फुलात तीनशेवर स्त्रीकेसर आहेत, सगळ्यांपर्यंत पराग पोचायला एका फुलावर अनेक फेऱ्या लागतात. टोकाला चिमटलेलं, बिया दाटीवाटीनं बसलेलं फळ दिसलं तर तिथे पराग पोचला नव्हता, खताला दोष देऊ नका. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारायचंच असेल तर मधमाशी घरी गेल्यावर, आणि तिला कमी घातक असलेलंच.

करडी बुरशी फळावर दिसते पण शिरते फुलातून, मेलेल्या पाकळ्यांवरून, आणि फळ पिकेपर्यंत गप्प बसते. १५ ते २२ अंशांची हवा आणि तासन्‌तास ओलं राहणं हे तिचं आवडतं. म्हणून फवारणी फुलोऱ्यात, फळावर केस दिसल्यावर नाही, आणि औषधांचे गट आलटून पालटून, एकच गट सतत वापरला की ही बुरशी पटकन निर्ढावते. तुमच्या देशात स्ट्रॉबेरीवर नोंदणी असलेलंच औषध आणि तोडणीआधीचे थांबायचे दिवस पाळून. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुनी, सुकलेली पानं आणि सडकी फळं काढून रानाबाहेर टाकणं, तेवढ्यानं बुरशीचा अर्धा आधार जातो.

टनेलमध्ये भुरी बघा, तिला पानावर पाणी लागत नाही, पानाच्या कडा वर वळल्या की खालून पांढरट जाळी शोधा. लाल कोळी जुन्या पानांच्या खालच्या बाजूला असतो, भिंग घेऊन आठवड्याला एक फेरी, सुरुवातीलाच सापडला तर शिकारी कोळी सोडून आवरतो. लवकरच्या जातीचा एक फायदा इथे आहे, वसंतात फळणाऱ्या भागात ठिपकेदार पंखांची फळमाशी आणि फळाला टोचणारे ढेकूण वाढायच्या आत बराचसा माल निघून गेलेला असतो.

तोडणी

फूल उमलल्यापासून उबदार हवेत तीन-चार आठवडे आणि थंडीत सहा आठवड्यांपर्यंत लागतात. पहिल्या फुलांची तारीख लिहून ठेवली असेल तर माणसं आणि पनेट (फळं भरायच्या छोट्या डब्या) कधी लागतील हे आधीच कळतं.

लवकरच्या मालात खांद्याला पांढरं असताना तोडायचा मोह होतो. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग थोडा धरते पण गोडी वाढत नाही, जेवढी साखर झाडावर भरली तेवढीच. हंगामातली पहिली पेटी आंबट निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. जवळच्या बाजाराला पूर्ण लाल, लांबच्या वाहतुकीला तीन चतुर्थांश रंग, याच्या खाली नको. दर दोन-तीन दिवसांनी तोडा, सकाळी दव उतरल्यावर, फळ न दाबता देठ नखानं मोडून, हिरवी टोपी शाबूत ठेवून. थेट विकायच्या पनेटमध्येच भरा, जेवढे हात कमी लागतील तेवढं बरं. धुवायचं नाही.

स्वीट चार्लीसारखी मऊ जात असेल तर तोडणीनंतरचा पहिला तास फार मोलाचा. क्रेट सावलीत, आणि एक-दोन तासांच्या आत प्रीकूलिंगला, म्हणजे फळ झटपट थंड करायला, हवा पेटीतून ओढून घेणारा पंखा असेल तर उत्तम, नुसत्या थंड खोलीत पेटीच्या मधलं फळ उतरायला तासन्‌तास लागतात. ० ते १ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, आणि गाडीही थंडच. मधे गरम होऊन परत थंड केलं की फळावर पाणी सुटतं आणि सगळी मेहनत करड्या बुरशीला जाते.

वजनाची वही दोन भागांत ठेवा. बाजारात बाकीच्यांचा माल सुरू व्हायच्या आधीचे तोडे एका पानावर, नंतरचे दुसऱ्या पानावर, आणि शेजारच्या बेडवर लावलेल्या मधल्या हंगामाच्या जातीचेही तसेच. पहिल्या ग्रेडचं वजन वेगळं, वाकडी-बारीक फळं वेगळी. पहिल्या पानावरच्या पहिल्या ग्रेडच्या वजनाला तुमच्या तेव्हाच्या भावानं गुणा, त्यातून रोपाचा आणि कव्हरचा जास्तीचा खर्च वजा करा, आणि पुढच्या वर्षी लवकरच्या जातीखाली किती बेड टाकायचे ते त्या आकड्यावरून ठरवा. वाकड्या फळांचं वजन जास्त भरत असेल तर जात बदलायच्या आधी मधमाशीच्या पेट्या वाढवा आणि कव्हर उघडायची वेळ बघा.